बटणावरचं बोट कुणाचं?

दहा जणांनी मिळून एक माणूस मारला तर प्रत्येकाच्या वाट्याला पाप किती? एक दशांश? का सगळंच्या सगळं पाप प्रत्येकाच्या डोक्यावर?

हा सवाल कीर्तनात टाळ्या घेण्यासाठी विचारायचा नाही. आजच्या जगात माणूस मारायचं काम कुणा एकाकडे राहिलेलं नाही. त्याची खाती पडलीत, पाळ्या लागल्यात, हुद्दे ठरलेत. कुणी नुसता बघतो, कुणी मोजतो, कुणी कायद्यात बसतं का ते तपासतो, कुणी हुकूम सोडतो, कुणी खटका दाबतो. पाळी सुटली की सगळे आपापल्या घरी जातात आणि पोरांना जवळ घेतात. अशा कामात अपराध नेमका कुठं राहतो? आणि या साखळीतल्या एखाद्याला रात्री झोप येईनाशी झाली, तर त्याच्या तळमळीला आपण काय किंमत द्यायची? आपण म्हणजे, वरून सोडलेलं सगळं ज्यांच्या अंगावर येऊन पडतं ते.

या सवालाला एका नाटकाने थेट हात घातलाय. जॉर्ज ब्रांट या अमेरिकन नाटककाराचं ‘ग्राउंडेड’. २०१३ साली ते अमेरिकेत रंगभूमीवर आलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात गाजलं. रंगमंचावर एकच पात्र. बाई. लढाऊ विमानाची वैमानिक. तिला नाव नाही, लेखकाने नुसतं ‘पायलट’ म्हटलंय. सव्वा-दीड तास ती एकटी बोलत राहते. संहिता छापलीय तीसुद्धा कवितेसारखी, ओळी तोडून तोडून. मी ती शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. भाषा सोपी आहे. आतला माल सोपा नाही.

‘ग्राउंडेड’ या शब्दाला इंग्रजीत दोन धारा आहेत. वैमानिकाचं उडणं बंद केलं, त्याला जमिनीवर बसवलं की तो ग्राउंडेड. आणि पोराने खोडी केली म्हणून आई-बापाने त्याला घराबाहेर जायची बंदी केली की तेही ग्राउंडेड. शिक्षा दोन्हीकडे आहे. नाटक या दोन्ही अर्थांनी चालतं.

ही बाई एफ-१६ चालवायची. इराकवर बॉम्ब टाकलेले. वर निळं आभाळ, हाताखाली यंत्र, अंगावर वैमानिकाचा पोशाख. त्या पोशाखाचा तिला केवढा अभिमान! बॉम्ब खाली पडून फुटायच्या आत ती पुढं निघून गेलेली असायची. खाली काय झालं ते तिने कधी बघितलंच नाही. सुट्टीवर आली असताना एरिक नावाचा माणूस भेटतो, तिला दिवस जातात. गरोदर बाईला लढाऊ विमानात बसू देत नाहीत. लग्न होतं, मुलगी होते, तिचं नाव सॅम. काही वर्षांनी ती पुन्हा कामावर रुजू व्हायला जाते तर तिचं विमान गेलेलं. विमानाच्या जागी तिला एक खुर्ची मिळते.

लास वेगासच्या जवळ, नेवाडाच्या वाळवंटात, एक बंद गार खोली. समोर पडदा. त्या पडद्यावर दुसरं एक वाळवंट, हजारो मैलांवरचं. तिथल्या आभाळात बिनमाणसाचं विमान फिरतंय आणि ही इथून ते चालवतेय. विमानाचं नाव ‘रीपर’, म्हणजे कापणी करणारा. इंग्रजीत यमालाही हेच नाव आहे. नाव ठेवणाऱ्याने निदान खोटं तरी ठेवलेलं नाही. हे नाटकातलं यंत्र खरंखुरं आहे. पंखांची रुंदी सुमारे २० मीटर, पंखांखाली ‘हेलफायर’ क्षेपणास्त्रं. नेवाडातला क्रीच हवाई तळही खरा आहे, लास वेगासपासून मोटारीने तासाभराच्या आत. २००१ च्या ऑक्टोबरात अफगाणिस्तानात अमेरिकेने अशा विमानातून पहिल्यांदा क्षेपणास्त्र सोडलं, तेव्हापासून हे खातं वाढतच गेलं.

आता गंमत बघा. एफ-१६ मधून तिला काही दिसत नव्हतं. इथं सगळं दिसतं. ती मरणापासून हजारो मैल दूर आहे, म्हणून तिचा जीव धोक्यात नाही. पण कॅमेरा इतका बारीक, की आधी माणूस चालताना दिसतो, मग स्फोट, मग उडालेले अवयव, मग ते गोळा करायला आलेले लोक. तिला लगेच निघून जाता येत नाही. वर घिरट्या घालत ते सगळं बघत बसावं लागतं, कारण किती मेले त्याचा हिशेब द्यायचा असतो. अंतर वाढलं तसं मरण तिच्या जवळ आलं. जुन्या लढाईत हे असं उलटं नव्हतं.

आणि पडद्यावर सगळं करडं. माती करडी, माणसं करडी, रक्तही करडंच.

बारा तासांची पाळी. पाळी सुटली की वाळवंटातून मोटार चालवत घरी. नवरा जुगाराच्या अड्ड्यावर पत्ते वाटायच्या नोकरीला. पोरगी खेळण्यातल्या घोड्यांशी खेळतेय. जेवण, झोप, सकाळी पुन्हा लढाई. ती एके ठिकाणी ग्रीकांच्या ओडिसियसची आठवण काढते. तो दहा वर्षं लढला आणि घरी पोचायला त्याला आणखी दहा वर्षं लागली. तो रोज संध्याकाळी घरी आला असता तर ते महाकाव्य वेगळंच झालं असतं, असं तिचं म्हणणं.

मला या नाटकातलं सगळ्यात खरं काय वाटलं असेल तर ही पाळी. लढाई म्हटलं की आपल्यापुढं तलवार, घोडा, शौर्य असलं काहीतरी उभं करतात. इथं लढाई म्हणजे ड्यूटी. हजेरी लावायची, खुर्चीत बसायचं, डोळे फुटेस्तोवर पडदा बघायचा, बदली आला की उठायचं. यंत्रापुढं बारा तास उभा राहिलेला माणूस घरी आला तरी यंत्र त्याच्या कानात चालू असतं, हे आमच्यासारख्याला कुणी समजावून सांगायला नको. बाईच्या कानात यंत्र नाही, डोळ्यात करडा रंग शिरतो. हळूहळू घर करडं होतं, नवरा करडा होतो. बाजारात पोरीला घेऊन गेली तर भिंतीवरचा कॅमेरा तिला दिसतो आणि ती हबकते. आपल्यालाही कुणीतरी असंच वरून बघतंय, बटणावर बोट ठेवून.

शेवटी तिला एका मोठ्या गुन्हेगाराच्या मागावर लावतात. तो दिवसरात्र मोटारीत फिरतोय, गाडीबाहेर पाय ठेवत नाही. ठेवला, तोंड दिसलं, ओळख पटली, की मारायचं. दिवसचे दिवस ती त्या गाडीच्या डोक्यावर. एक दिवस गाडी एका घरापाशी थांबते आणि घरातून एक लहान मुलगी बापाकडे पळत सुटते. तो गाडीतून उतरतो. नेम धरलेला. हुकूम आलेला. आणि बाईला त्या मुलीच्या जागी आपली सॅम दिसते. ती खटका दाबत नाही. विमानच वळवून जमिनीवर आदळायला निघते.

पण वर दुसरं विमान होतं. तिच्यावर नजर ठेवायला आधीच उभं केलेलं. तिने मारलं नाही म्हणून त्याने मारलं. बाप गेला, मुलगी गेली. बाईवर लष्करी खटला आणि कोठडी. ती सगळं बोलते ते त्या कोठडीतून, आपल्याकडे तोंड करून.

०००

आता पहिल्या सवालाकडे येऊ. पापाचा वाटा.

सूतगिरणीत रिंगफ्रेमवर तुटलेला धागा जोडणाऱ्याला सायडर म्हणतात. माझं काम तेच. धागा तुटून राहिला, सूत वाया गेलं, तर ते कुठल्या यंत्रावर, कुठल्या पाळीत, कुणाच्या बाजूला, हे दहा मिनिटांत कळतं. बोलणी खायची, प्रसंगी पगारातून कापून घ्यायचं. कापसाच्या एका तंतूची जबाबदारी शोधून काढणारी माणसं जगात आहेत, पगार घेऊन आहेत. पण पोर मेलं तर त्याची जबाबदारी शोधून सापडत नाही. पडद्यावाला म्हणतो, मी फक्त बघितलं. खटकेवाला म्हणतो, मला हुकूम होता. हुकूमवाला म्हणतो, मला माहिती चुकीची मिळाली. माहितीवाला म्हणतो, मी बघणाऱ्याच्या भरवशावर होतो. गोल फिरून जबाबदारी पुन्हा पडद्यावर येते आणि पडदा करडा आहे.

हे मी नाटकापुरतं बोलत नाही. २९ ऑगस्ट २०२१. काबूल. अमेरिकेचं सैन्य वीस वर्षांनी गाशा गुंडाळून निघालेलं. त्यांच्या ड्रोनने एका पांढऱ्या मोटारीचा सुमारे आठ तास पाठलाग केला आणि एका वस्तीतल्या अंगणात क्षेपणास्त्र सोडलं. दहा माणसं मेली. त्यात सात मुलं. मोटार चालवणारा एका मदत संस्थेचा कामगार निघाला. आधी सैन्याच्या बड्या अधिकाऱ्याने हा हल्ला न्याय्य असल्याचं सांगितलं. १७ सप्टेंबरला चूक कबूल केली. डिसेंबरात जाहीर झालं की यात कुणालाही शिक्षा होणार नाही. आठ तास इतके डोळे बघत होते, आणि दोष एकाचाही नाही.

त्याच वर्षी, या हल्ल्याच्या महिनाभर आधी, डॅनियल हेल नावाच्या माणसाला अमेरिकेच्या न्यायालयाने ४५ महिन्यांची कैद दिली. तो हवाई दलात ड्रोनसाठी माहिती काढायच्या कामावर होता. त्याने या कारभाराचे कागद पत्रकाराच्या हाती दिले, एवढाच त्याचा गुन्हा. मारणारा मोकळा, सांगणारा आत. ब्रांटने २०१३ साली लिहिलेला शेवट लोकांना नाटकी वाटला असेल, तर त्यांनी २०२१ सालाकडे बघावं. पायलटने यापूर्वी किती माणसं मारली त्याबद्दल तिला कुणी कोठडीत टाकलं नव्हतं. एकदा मारलं नाही म्हणून टाकलं.

काम वाटलं की पाप विरघळतं, हा यातला डाव. आपल्याला हा डाव नवा नाही. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवलं होतं की जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नव्हे, ती काम करणाऱ्या माणसांची उतरंड लावून केलेली वाटणी आहे. त्या उतरंडीतला प्रत्येक जण म्हणत आला : मी कुठं काय केलं? मी फक्त चालत आलेलं पाळलं. पाणवठ्यावर उभा राहिलेला वेगळा, पोथी लिहिणारा वेगळा, दार लावून आत बसलेला वेगळा. सगळे मिळून एका माणसाला तहानलेला ठेवतात आणि एकाच्याही हाताला डाग नाही.

म्हणून हे नाटक एकट्या बाईचं आहे ते मला बरोबर वाटतं. व्यवस्थेने जे तुकडे केले ते लेखकाने पुन्हा एका अंगात गोळा केले. लंडनच्या गेट थिएटरने हे नाटक केलं तेव्हा नटी ल्युसी एलिन्सनला जाळीच्या पारदर्शक चौकोनी खोक्यात उभं केलं होतं. तिला कुठं सरकायला जागा नाही. शेजारी बसलेला पोरगा, कानातल्या यंत्रातून येणारे हुकूम, कायदा सांगणारे, सगळ्यांचे आवाज तिच्याच तोंडून येतात. आता ढकलणार कुणावर? तुकड्या-तुकड्याने केलेला खून शेवटी एका माणसाच्या घशात अडकला पाहिजे, तेव्हाच तो खून म्हणून दिसतो.

०००

पण पश्चात्ताप झाला म्हणजे काय झालं?

शहाणे लोक म्हणतात, तिचं डोकं फिरलं. अमेरिकेतल्या मनोविकार डॉक्टरांच्या संघटनेने १९८० साली आपल्या अधिकृत यादीत आघातानंतरच्या तणावाचा आजार घातला. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी त्यासाठी बराच रेटा लावला होता. ते चांगलंच झालं, निदान त्यांना औषध मिळालं. पण भीतीने झालेली जखम आणि आपल्या हातून वाईट घडलं म्हणून झालेली जखम या एक नव्हेत. बोस्टनमध्ये व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे या डॉक्टरने १९९४ साली पुस्तक लिहून हा फरक पुढं आणला. तेव्हापासून ‘नैतिक जखम’ हा शब्द चालू झाला. पायलटला कुणी गोळी घालणार नव्हतं. तिची जखम या दुसऱ्या जातीची आहे. तिला नुसता आजार म्हटलं की मग गोळी देऊन तो बरा करता येतो, आणि ज्याने हुकूम दिला त्याला काही विचारावं लागत नाही.

क्लॉड इथर्लीचं हेच झालं. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमाचं आभाळ मोकळं आहे का ते बघायला आधी जे विमान गेलं, त्याचा तो वैमानिक. बॉम्ब त्याने टाकला नाही. आभाळ साफ आहे एवढा निरोप दिला. म्हणजे बघा, पापाचा केवढासा वाटा! पुढं तो खचला, किरकोळ गुन्हे केले, वेड्यांच्या इस्पितळात पडला. तत्त्वचिंतक ग्युंटर अँडर्सने १९५९ पासून त्याच्याशी पत्रव्यवहार केला, तो जगभर गाजला. इथर्लीचा पश्चात्ताप किती खरा यावर नंतर वादही झाला. तो वाद बाजूला ठेवू. प्रत्यक्ष बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचा कप्तान पॉल टिबेट्स २००७ साली मरेपर्यंत सांगत राहिला की मला कसलीही खंत नाही. त्याला कुणी वेडा म्हटलं नाही. ज्याला काही वाटलं नाही तो निरोगी, आणि ज्याला वाटलं तो रोगी. ही व्याख्या कुणाच्या सोयीची आहे ते सांगायला नको.

इथपर्यंत मी त्या बाईच्या बाजूने आहे. आता दुसरी बाजू.

त्या नाटकात मेलेल्या मुलीला नाव नाही. तिला तोंडही नाही, कारण तिच्या तोंडावर सॅमचं तोंड चिकटवलेलं आहे. पायलट थांबली ती समोर एक मूल आहे म्हणून नाही, ते आपलं मूल वाटलं म्हणून. ते सॅमसारखं दिसलं नसतं तर? त्याआधी मारलेल्या करड्या माणसांना पोरं नव्हती का? मी याला तुच्छ लेखत नाही. माणसाची कणव घरापासूनच सुरू होत असेल, होऊ दे. पण समोरच्याने माझ्यासारखं दिसावं, मग मी त्याला माणूस म्हणीन, ही समता नव्हे. बुद्धाच्या विचारात करुणेच्या पुढं मैत्री ठेवलेली आहे. मैत्रीला तोंडावळा जुळावा लागत नाही. ती अनोळख्यापर्यंत, वैऱ्यापर्यंत पोचायची असते.

शिवाय रंगमंच कुणाला मिळाला? मारणाऱ्या हाताला मिळाला. २०१५ साली न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये ॲन हॅथवेसारख्या सिनेमातल्या बड्या नटीने हे काम केलं. पुढं त्याचा ऑपेरा झाला. जनीन टेसोरीचं संगीत, शब्द ब्रांटचेच. २०२३ मध्ये वॉशिंग्टनला, २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या हंगामाची सुरुवातच त्याने. वॉशिंग्टनच्या ऑपेरा कंपनीच्या त्या हंगामाला पैसा पुरवणाऱ्यांत जनरल डायनॅमिक्स ही शस्त्रं बनवणारी कंपनी होती आणि त्यावरून बरीच टीका झाली. च्यायला, शस्त्रंही त्यांचीच आणि शस्त्रांबद्दलचे अश्रूही त्यांच्याच पैशात! मारणाऱ्याचं दुःख सुंदर असतं, त्याला प्रकाशयोजना करता येते, संगीत लावता येतं. मेलेल्याचं दुःख त्याच्या दारात बसून राहतं, त्याला तिकीट लावता येत नाही.

ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना अन्याय करणाऱ्याच्या पोरांचे हुंदके ऐकायला बसवतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. त्यांना किती वाईट वाटतं ते ते आपल्यालाच सांगतात. मग त्यांची समजूतही आपणच काढायची. बरं वाटून ते घरी जातात. आपला पाणवठा होता तिथंच असतो.

तेव्हा पश्चात्तापाला पारखून घ्यायला काहीतरी कस लागेल. मला इतिहासात दोन माणसं दिसतात.

पहिला सम्राट अशोक. कलिंगाच्या लढाईनंतर त्याने तेराव्या शिलालेखात स्वतःच कबूल केलं : दीड लाख माणसं पकडून नेली, एक लाख मारली, त्याच्या कितीतरी पट मेली, आणि याचं आपल्याला दुःख होतं. राजाने आपल्या विजयाबद्दल असं बोलणं जगाच्या इतिहासात दुर्मीळच. त्याचं मोठेपण मी कमी करत नाही. पण ज्या धौलीला आणि जौगडला, म्हणजे खुद्द कलिंगात, त्याचे लेख सापडले तिथं हा तेरावा लेख नाही. गिरनारला आहे, शाहबाजगढीला आहे. कलिंगात त्याच्या जागी वेगळे लेख आहेत, अधिकाऱ्यांनी नीट न्याय करावा, सगळी प्रजा माझी मुलं आहेत, असे. ज्यांचे बाप मेले त्यांच्या गावात राजाने दुःख कोरलं नाही. जिंकलेलं कलिंगही सोडलं नाही. आणि त्याच तेराव्या लेखात जंगलात राहणाऱ्यांना दमही आहे की पश्चात्ताप झाला तरी माझी ताकद शाबूत आहे. ज्याचं चक्र आपण मिरवतो त्याला हे विचारायचा हक्क आपल्याला नाही तर कुणाला?

दुसरा अंगुलिमाल. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये त्याची गोष्ट आवर्जून घेतलीय. पाली सुत्तात तिचा पुढचा भाग फार मोलाचा आहे. भिक्खू झाल्यावर तो श्रावस्तीतच भिक्षेला जातो. त्याच मुलखात, ज्यांचे कुणी ना कुणी त्याने मारले त्यांच्यात. लोक ढेकळं मारतात, काठ्या मारतात. डोकं फुटलेलं, पात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं, असा तो परत येतो. बुद्ध त्याची समजूत घालत बसत नाही. सोस, म्हणतो.

माझ्या मते हा कस आहे. पश्चात्ताप जखम झालेल्याच्या गल्लीत पायी जातो का? हात थांबवतो का? आणि हुकूम देणाऱ्याचं नाव घेतो का? या तिन्हींतलं काहीच होत नसेल तर तो पश्चात्ताप माणसाने स्वतःच्या मनाची काढलेली मालिश समजावी.

पायलटला यावर घासून बघा. गल्लीत ती गेली नाही, जाऊ शकलीही नाही, गल्ली पडद्यात होती. पण हात तिने थांबवला. उशिरा, आपल्या पोरीच्या तोंडासाठी का होईना, थांबवला. त्याची किंमत भोगली. आणि शेवटी कोठडीतून ती तोंड फिरवते ते प्रेक्षकांकडे. तुमच्या नावाने, तुमच्या पैशाने हे चाललंय, आणि तुमच्याही डोक्यावर डोळा आहे, असा तिचा रोख आहे. साखळीची सगळ्यात लांबची कडी कुठं बसलीय ते तिने दाखवलं. तिथं हे नाटक आपलं होतं.

तरी मुलगी मेलीच. ही गोष्ट मला नाटक संपल्यावर सुटत नाही. एकटीचा पश्चात्ताप एक यंत्र बंद पाडू शकला. पण वर दुसरं यंत्र बदलीवर तयार होतं. गिरणीत एकट्याने यंत्र सोडलं तर काय होतं? दारात बदली उभा असतो, आजकाल कंत्राटी उभा असतो. पाच मिनिटांत चाक पुन्हा फिरतं, आणि सोडणारा बाहेर. चाक खरोखर थांबतं ते सगळ्या पाळ्यांनी मिळून हात काढल्यावर. पाप करताना ते सगळ्यांत वाटलं, आणि नकार मात्र एकट्याने द्यायचा, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच तो नकार चिरडता येतो. जो अपराध वाटून केला, त्याचा नकारही वाटून घ्यावा लागेल. पहिल्या सवालाला माझा जबाब हा : पाप दहांत वाटलं तरी ते दहाव्या हिश्शाने कमी होत नाही, प्रत्येकाकडे पुरं राहतं. कारण दहातल्या प्रत्येकाला थांबता आलं असतं.

दोस्तांनो, आपल्यातले बरेच जण उद्या कुठल्या ना कुठल्या खुर्चीत बसणार आहेत. पोलिसात, सैन्यात, कचेरीत, संगणकापुढं. बसलंच पाहिजे, त्या खुर्च्या लढून मिळवल्यात. पण खुर्चीपुढं पडदा असतो आणि पडद्यावर कुणाचं तरी अंगण असतं. तिथली माणसं आपल्यासारखी दिसणार नाहीत. त्यांची वस्ती, त्यांची बोली, त्यांचा देव वेगळा असेल. तेव्हा शेजारच्या खुर्चीवाल्याला आपण आधीपासून ओळखत असलो पाहिजे.

आणि जे लिहितात त्यांच्यासाठी एक काम शिल्लक आहे. ब्रांटने पायलटचं नाटक लिहिलं, ते तो लिहू शकत होता म्हणून. अंगणात पळत निघालेल्या मुलीचं नाटक अजून लिहायचंय. त्यात ती कुणासारखी दिसणार नाही. तिला नाव असेल, ती भांडेल, खेळेल, बापाने खाऊ आणला नाही म्हणून रुसेल. वर आभाळात काय घिरट्या घालतंय ते तिला माहीत असेल, कारण तिकडच्या पोरांना त्या घरघरीचा आवाज ओळखता येतो. तिला पळत दारापर्यंत येऊ द्या. बोलू द्या.